अंजना सिस्टर आणि एकशे बारा अंडी

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत कुणीही 'सिस्टर' म्हणून हाक मारली की एकच बाई मागं वळायची, आणि वळल्यावर आधी हाक मारणाऱ्याला झापायची. अंजना कांबळे. माहेर कोडोलीचं, सासर कोल्हापूरचं, आणि पंचवीस वर्षं नोकरी डॉक्टर गणपतरावांच्या प्रसूतिगृहात. क्लासला निघालेली, दुकानात बसलेली, स्कूटरवरून सुसाट जाणारी अशी गल्लीतली निम्मी पोरं आपल्या हातून जगात आली, याचा तिला अभिमान होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटत नसे. एखाद्या मिशाळ गड्यानं रिक्षा आडवी घातली, तर ती भर रस्त्यात त्याला थांबवायची. "जल्मतानाच पायाकडनं आलतास तू. अजून सरळ चालाय येईना व्हय रे?" गडी मान खाली घालायचा आणि रिक्षा मागं घ्यायचा.

तिचे हात नावाजलेले होते. पोटात मूल आडवं असलं, तर बाहेरून चाचपत, बाईशी गप्पा मारत मारत ती ते अलगद वळवायची. गणपतराव मोठे डॉक्टर, पण अशा वेळी तेही बाजूला सरकून म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही बघा." नव्वद सालानंतर सोनोग्राफी आली, ऑपरेशनं वाढली, तरी पोटावर हात ठेवून "डोकं हितं हाय" असं ती सांगायची आणि मशीन नंतर तेच सांगायचं. मशीनचं तिला विशेष कौतुक नव्हतं.

मग गणपतराव थकले. दोन हजार एक साली त्यांनी प्रसूतिगृहाला कुलूप लावलं आणि ते मुलाकडं राहायला गेले. अंजना त्या वेळी एकोणपन्नास वर्षांची, धडधाकट, आणि पहिल्यांदाच रिकामी. रिकामी अंजना म्हणजे साऱ्या गल्लीला ताप. तिनं स्वयंपाकघर तीनदा लावलं. शेजाऱ्यांचं ब्लडप्रेशर ते नको म्हणत असताना मोजलं. नवरा भाऊसो केएमटीत ड्रायव्हर, स्वभावानं शांत. त्यानं मुकाट्यानं डबल ड्युटी मागून घेतली. "बसमधी निदान माणसं उतरत्यात तरी," असं तो मुलीजवळ, दीक्षाजवळ, हळूच म्हणाला. ते अंजनानं ऐकलं आणि चार दिवस त्याच्या डब्यात भोपळा घातला.

अशात एके दिवशी वीरेश आला. वीरेश कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. तिशीच्या आत होता, आणि अर्थातच अंजनाच्याच हातून जन्मलेला. त्याची आई मल्लव्वा कुरुंदवाडच्या व्यापारी घरातली, राजारामपुरीत त्यांचं धान्याचं दुकान. दुकानाच्या माडीवर पोत्यांच्या शेजारी टेबल टाकून वीरेशनं चार मित्रांसोबत 'किनारा मंडळ' नावाची संस्था काढली होती. समुद्र दोन घाट पलीकडं आणि मंडळ कोल्हापुरात, यावरून लोक त्याची भरपूर टर उडवायचे. सुरुवातीला तो सांगायचा, आपली पंचगंगा शेवटी समुद्रालाच जाते की. ती पूर्वेच्या समुद्राला जाते, हे भूगोलाच्या एका मास्तरांनी त्याला नकाशावर दाखवलं. त्यावर हा म्हणाला, "मग पश्चिमेकडं कुणी बघायचं?" असल्या माणसाशी कोण वाद घालणार.

सिंधुदुर्गात मालवणच्या पुढं कातळवाडी नावाचं मच्छिमारांचं गाव आहे. गावासमोर समुद्रात एक खडकाळ बेट. त्या बेटावर उन्हाळ्यात पक्षी घरटी करतात आणि गावची पोरं अंडी आणतात, ते थांबवायला वीरेशचं मंडळ तिकडं गेलं होतं. दोन वर्षं खेपा घालून ते जमलं. तेवढ्यात कळलं, की गावच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यात समुद्री कासवं येतात, रेतीत अंडी घालतात, आणि ती अंडी एकूण एक खाल्ली जातात.

मल्लव्वाला हे सगळं नकोसं होतं. त्या घरात पिढ्यानपिढ्या अंडं आलं नव्हतं, त्याचं नावही कुणी काढत नसे. "अय्यो शिवा, हा पोरगा अंड्याचा संसार करालाय," असं ती गिऱ्हाइकाला ज्वारी मापता मापता सांगायची. वीरेशनंही तोवर पुस्तकातली अंडी बघितली होती आणि बेटावरची दुर्बिणीतून.

"सिस्टर, एक बाळंतपण आहे," वीरेश म्हणाला.

"कुणाचं?"

"कासवाचं."

अंजनानं त्याच्याकडं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. गोष्ट अशी होती. कातळवाडीच्या देवळात सभा झाली होती. गावातला म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जानू, अंडी शोधण्यात सगळ्यांत तरबेज होता. रेतीवरचा माग बघून कासव कुठं बसलं ते तो लांबून सांगायचा. त्यानं उभं राहून वीरेशला सुनावलं होतं, "आज्यापणज्यापासून अंडी खातंव आमी. तुमी म्हणतास, नको. बरा, एक वरस नाय खाणार. पण पिल्लां दाखवा. पिल्लां दिसली तर गाव परत अंड्यांक हात लावचो नाय. नाय दिसली तर पुढच्या वरसाक हय पाय ठेवू नका." गावानं माना डोलावल्या होत्या. आणि जानूनं शब्द पाळला होता. सोळा जानेवारीला पहाटे भरतीच्या रेषेजवळ सापडलेली अंडी त्यानं स्वतः मंडळाला दाखवली. वीरेशनं तासाभरात ती उचलून वर, कोरड्या रेतीत, हातभर खड्ड्यात पुरली आणि भोवती जाळी लावली. एकशे बारा अंडी. आता पन्नास-पंचावन्न दिवस तिथं कुणीतरी राहायला हवं होतं, आणि मंडळाच्या पाचही जणांना नोकऱ्या होत्या.

"मी जातो की," अंजना म्हणाली.

कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी येतो. भाऊसो कोपऱ्यात पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली घेतला नाही, पण पेपर हसल्यासारखा हलला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं राधानगरीवरून फोंडा घाट उतरून अंजना कातळवाडीला पोचली. गावात एकट्या राहणाऱ्या द्वारकाच्या घरी तिची सोय केली होती. घर पुळणीला लागूनच. "मी येतो हं," असं म्हणत अंजना उंबऱ्यातून आत शिरली, तशी द्वारका पदर तोंडाला लावून हसली. "गो बाय, तू बापयो काय?" तिकडं बापयो म्हणजे पुरुष. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. अंजनानं तिला कांदा-लसूण मसाला दिला. द्वारकानं तो बोटावर घेऊन चाखला आणि तांब्याभर पाणी प्यायली.

वीरेशनं सगळं समजावून सांगितलं. कुत्री येतील, कोल्हा येईल, खेकडे रेती उकरतील, भरती चढली तर बघायचं, पोरांना जाळीजवळ येऊ द्यायचं नाही. अंजनानं विचारलं, "आणि काय?" वीरेश म्हणाला, "बास, एवढंच." आणि तो कॉलेजला परत गेला. दर पंधरवड्याला एका रविवारी तो यायचा. येताना भडंग आणि भाऊसोची चिठ्ठी आणायचा. चिठ्ठीत बहुतेक वेळा 'इकडे सर्व ठीक, घर शांत आहे' एवढंच असायचं.

अंजना जाळीपाशी बसली, आणि तिला कोडोली आठवली.

कोडोलीला आईच्या कोंबड्या होत्या. कोंबडी खुडूक झाली, की आई पाटीत भुसा घालून तिला अंड्यांवर बसवायची. त्याला रवण म्हणायचे. कोंबडी दिवसातून कितीदा तरी चोचीनं अंडी उलटीपालटी करायची. आई सांगायची, अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतलं पिल्लू चिकटतं आणि मरतं. अंजना नऊ वर्षांची असताना रवणावरची कोंबडी मुंगसानं नेली. पोरीनं ती पाटी चुलीजवळ आणली, अंड्यांवर कापूस पांघरला आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं एकेक अंडं फिरवलं. नऊ पिल्लं निघाली. ती तिच्या हातची पहिली बाळंतपणं. आईनं गल्लीभर सांगितलं होतं.

आणि इथं? आई अंडी घालून रात्रीतच समुद्रात गेलेली. एकशे बारा पोरं रेतीत एका कुशीवर पडलेली. त्यांना फिरवणार कोण? वीरेश शिकलेला खरा, पण ज्याच्या घरात अंडं आलं नाही, त्याला रवणातलं काय कळणार, असं अंजनाच्या मनात आलं आणि तिला त्याची जरा दयाही आली.

तर चौथ्या दिवशी उजाडता उजाडता, द्वारका अजून चूल पेटवत असताना, अंजना जाळीत शिरली. धुतलेल्या हातांनी तिनं रेती बाजूला केली, स्वच्छ लुगड्याचा तुकडा अंथरला, आणि पिंगपाँगच्या चेंडूएवढी ती मऊ पांढरी अंडी एकेक करून हलक्या हातानं उलटी ठेवली. पुन्हा थर लावले, पुन्हा रेती लोटली. सव्वा तास लागला. दर चौथ्या दिवशी तिनं हे केलं. कुणापासून लपवलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. भाजी निवडली हे कुणी सांगत बसतं का? वीरेशनं रविवारी विचारलं, सगळं ठीक? तर ती म्हणायची, "मी असताना काय हुतंय?"

दिवस मजेत गेले. अंजनानं गावातल्या तीन गरोदर बायका तपासल्या, एकीला तंबाखूची मिश्री सोडायला लावली, तिच्या सासूशी भांडण काढलं आणि ते जिंकलं. कुत्र्यांना तिनं अशी जरब बसवली, की ती पुळणीवरून जाताना जाळीला लांबून वळसा घालायची. जानू तांडेल रोज सकाळी जाळं विणत समोर बसायचा. तो फार बोलत नसे. "पिल्लां येतली?" असं विचारायचा. "येणार म्हंजे येणार, पावणं," अंजना ओरडून सांगायची, कारण तिला हळू बोलता येत नव्हतं.

मार्चची दहा तारीख आली. गाव संध्याकाळी जाळीभोवती जमलं. बायकांनी पोरांना नवे कपडे घातले होते. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही गाव आलं. तिसऱ्या दिवशी निम्मं. आठवड्यानं कुणीच आलं नाही, एकटा जानू सोडून. अंजनाला जेवण जाईना. दिवस उलटून गेलेल्या बाईच्या उशाशी बसावं, तशी ती जाळीपाशी बसून राहायची.

वीस तारखेला वीरेश रजा काढून आला. सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या गावासमोर त्यानं खड्डा उकरला. एकशे बाराही अंडी जशीच्या तशी होती. त्यानं एक कापलं. आत हरभऱ्याएवढा जीव, केव्हाच वाळून गेलेला. दुसरं कापलं, तिसरं कापलं. सगळीकडं तेच.

"ही पहिल्या पंधरा-वीस दिवसांतच मेलीत," वीरेश म्हणाला. मग त्यानं खालच्या थरातलं एक अंडं हातात धरलं आणि त्याचा चेहरा बदलला. "हा पांढरा डाग बघा. पिल्लू आतून जिथं चिकटतं, तिथं असा डाग पडतो. तो वरच्या बाजूला पाहिजे. इथं एक खाली, एक बाजूला. कुणीतरी ही अंडी उकरून फिरवलीत. कासवाचं पिल्लू एका जागी चिकटल्याशिवाय वाढतच नाही. फिरवलं की मेलं."

गर्दीत कुजबुज झाली. मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अंडी उकरूची कोणाक म्हायती? जानूकच ना!" झालं. साऱ्या माना जानूकडं वळल्या. त्याचा पुतण्याच म्हणाला, की म्हातारा रोज जाळीसमोर बसायचा ते उगाच नाही. जानूनं गावाच्या वतीनं शब्द दिला होता, आणि आता त्याच गावासमोर तो चोर ठरत होता. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हातातलं जाळं खाली पडलं, तेही त्यानं उचललं नाही.

अंजनाच्या पायाखालची रेती सरकली. फिरवलं की मेलं. म्हणजे चौथ्या दिवसापासून ती स्वतःच्या हातानं, स्वच्छ कापड अंथरून, हे करत होती. तिला कुणी बघितलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कोल्हापूरची सिस्टर कोल्हापूरला परत गेली असती, राजारामपुरीत तिचं नाव तसंच राहिलं असतं, आणि इथला म्हातारा आयुष्यभर मान खाली घालून फिरला असता. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तो आल्याची तिला शरम वाटली.

"त्येंच्याकडं बघू नगासा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज लहान निघाला, म्हणून तिला पुन्हा बोलावं लागलं. "जानूभाऊंनी काय केल्यालं न्हाय. मी फिरवली. दर चौथ्या दिवशी. सगळी."

वीरेश तिच्याकडं बघतच राहिला. "सिस्टर, पण का?"

"कोंबडी फिरवती की," अंजना म्हणाली. "न्हाई फिरवलं तर पिल्लू चिकटतं."

वीरेश रेतीत फतकल मारून बसला. "मी सांगायला पाहिजे होतं. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे, अंडं फिरवू नये. मला वाटायचं, फिरवेल कशाला कोण? कोंबडी अंडी फिरवते हे मला आज कळतंय सिस्टर. आमच्या घरात कोंबडी कुणी बघितलीच नाही."

ऐकून एखाद-दुसरा हसला, पण ते हसणं टिकलं नाही. लोक पांगले. जाता जाता जानूचा पुतण्या वीरेशला म्हणाला, की बोली ती बोली, पिल्लं दिसली नाहीत, आता पुढच्या वर्षी यायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉलेजात परीक्षा होती, त्यामुळं दुपारच्या एसटीनं तो गेला. जाळी, फावडी, बोर्ड गोळा करून अंजनानं मागून यायचं ठरलं.

त्या दिवशी अंजना खूप रडली. पंचवीस वर्षांत तिच्या हातून मुलं गेली नव्हती असं नाही, चार-सहा गेली होती, आणि त्या प्रत्येकाच्या आईचं नाव तिला पाठ होतं. पण तिथं तिच्या हातांनी वाचवायची शर्थ केली होती. इथं हातच मारेकरी झाले होते. वरून त्या एकशे बारांच्या पायी सगळी पुळण गेली होती, पुढच्या वर्षीची आणि त्याच्याही पुढची. द्वारकानं तिच्यासमोर पेजेचं ताट ठेवलं आणि ती नुसती शेजारी बसून राहिली. पेज गार झाली तर तिनं दुसरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना जाळी गुंडाळत होती, तेव्हा जानू आला.

"बाय, ता ठेव. चल माज्यावांगडा."

तो तिला पुळणीच्या पार टोकाला, सुरूच्या झाडांपलीकडं घेऊन गेला. तिथं रेतीवर चार काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या, सहज वाऱ्यानं पडल्यासारख्या. जानूनं इकडंतिकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "हयसर आसत. फेब्रुवारीत कासव बसलां. मिया कोणाक सांगलंय नाय. निम्मी काडलंय, खाल्लंय. निम्मी ठेवलंय. माज्या बापाशीची रीत ती, निम्मी आपली, निम्मी दर्याची." मग तो म्हणाला, "शबूद देवन मोडलंय मिया. तुमी सगळ्यांसमोर खरां बोललास. मगे माका रात्रभर झोप इली नाय."

अंजनानं त्याच्याकडं बघितलं. आदल्या दिवशी त्याच्यावर आळ आला तेव्हा तो गप्प का राहिला, हे तिला आता कळलं. तो अगदीच निर्दोष नव्हता. तीही नव्हती. तिला त्या क्षणी हा म्हातारा सख्ख्या भावासारखा वाटला.

"राहिलेल्या निम्म्यास्नी कुणी हात लावला न्हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"नाय. त्याच दिसाक वरची काडलंय. खालची हलवलंय नाय."

अंजना तडक गावातल्या एसटीडी बूथवर गेली. वीरेश परीक्षेला गेला होता. फोन मल्लव्वानं उचलला, तोही दुकानात, ऐन गर्दीत. "वैनी, वीरेशला सांगा, अंडी हायती!" अंजना नेहमीच्या आवाजात ओरडली, म्हणजे फोन नसता तरी चाललं असतं. पलीकडून मल्लव्वा दबक्या आवाजात म्हणाली, "किती म्हणून सांगू?" पन्नासच्या आसपास, अंजनानं सांगितलं. मल्लव्वानं ते धान्याच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. अंड्याऐवजी 'माल' लिहिलं, पण आकडा बरोबर लिहिला.

जानूनं गावाला स्वतः सांगितलं. त्याला दोन शिव्या मिळाल्या, त्या त्यानं ऐकून घेतल्या. गाव म्हणालं, ठीक आहे, बघू.

वीरेश भाऊसोला घेऊन आला. वीरेशच्या पिशवीत नवी जाळी होती, खुंट्या होत्या, अंडी वर हलवायची का असा विचारही होता. अंजना फांद्यांसमोर उभी राहिली. "काय करायचं न्हाय. जाळी लांब मार. आत कुणी पाय ठेवायचा न्हाय. तू बी न्हाय आणि मी बी न्हाय." ती स्वतः जाळीपासून वीस पावलं लांब, द्वारकाची घोंगडी टाकून बसायची. काही न करता बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. ती भाऊसोकडून काथ्या मागून घ्यायची आणि त्याला गाठी मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. भाऊसोनं आयुष्यातली सगळी रजा एकदम काढली होती. बायको गप्प बसलेली बघायला आलोय, असं तो द्वारकाला सांगायचा.

अकराव्या दिवशी, सूर्य पाण्याला टेकला तेव्हा, रेती बशीएवढी खचली. जानूनं आधी बघितलं. तो नुसता हात वर करून उभा राहिला. मग खड्ड्यातून एक काळं नाक वर आलं, मग दुसरं, आणि मग रेतीच उकळायला लागल्यासारखी पिल्लं बाहेर पडली. तळहातापेक्षा लहान, काळसर, चारही पाय मारत ती समुद्राकडं धावत सुटली. गाव दोन्ही बाजूंनी भिंतीसारखं उभं होतं. ज्यांनी आयुष्यभर ही अंडी खाल्ली होती, त्यांनी आत काय असतं ते पहिल्यांदाच बघितलं. द्वारका रडत होती. जानूचा पुतण्या मोठमोठ्यानं मोजत होता, आणि कुणी मध्ये बोललं तर त्याच्यावर खेकसत होता.

शेवटचं एक पिल्लू मागं राहिलं. अंजनाच्या समोरच, कुणाच्या तरी पावलाच्या खड्ड्यात ते उलटं पडलं आणि पोट वर करून पाय झाडायला लागलं. ते दोन बोटांनी वळवायचा अवकाश होता. अंजना पुढं वाकली. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं, वीरेशही. अंजनानं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक घट्ट धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती कोल्हापूरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडत होती, "वळ रं बाळा! वळ! तुझा तूच वळ!" पिल्लानं मान लांब केली, रेतीत रोवली, एकदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं, आणि तिसऱ्यांदा थाडकन सरळ झालं. पुढच्या लाटेनं ते नेलं.

"सत्तेचाळीस," जानूचा पुतण्या म्हणाला.

जानू तांडेल गावाकडं वळला. "बगलास? आता आयका. येत्या वरसाक ही बाय हयसर येतली. अंड्यांक कोणी हात लावचो नाय." मग तो अंजनाकडं वळला आणि बोट उगारून म्हणाला, "कोणी म्हंजे कोणीच. ही बायसुद्धा!"

सगळं गाव हसलं, भाऊसो तर पोट धरून. अंजनाचे हात अजून पाठीमागंच होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती.